उपस्थितांची नावं

"घ्या पंजाबराव, पुढं," असं म्हणून शैलजा गावंडे खुर्चीत मागे रेलते, डोळे मिटते, आणि तिथंच घोडं अडतं.

मे महिन्यातली वऱ्हाडातली दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कूलर घरघरतोय आणि वाळ्याचा ओला वास केबिनभर पसरलाय. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे पंजाबराव ढोमणे कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेत. 'दैनिक पूर्णाकाठ'मध्ये मजकूर असाच तयार होतो. संपादकानं डोळे मिटून मोठ्यानं सांगायचं आणि पलीकडे पंजाबरावांनी टाइप करायचं. संपादकानं स्वतः टाइप करणं कारंजखेडात अजूनही कमीपणाचं समजतात. शैलजाच्या सासऱ्यांची हीच रीत होती. त्यांनी पेपर काढला, वाढवला, मरेपर्यंत चालवला, आणि त्यांचाही मजकूर शेवटची कित्येक वर्षं पंजाबरावांनीच घेतला. हा माणूस मधे विचारत नाही, सुचवत नाही, थांबत नाही. कानावर पडलं की बोटांतून उतरलं.

आज कानावर पडतंय ते पहिल्या पानावरचं निवेदन. 'वाचकहो, काळाची गरज ओळखून येत्या एक तारखेपासून आपल्या लाडक्या दैनिक पूर्णाकाठची छापील आवृत्ती बंद करण्यात येत असून...' इथवर झालंय. त्या 'असून'पुढे काय, ते शैलजाला सकाळपासून सुचत नाहीये. आणि संध्याकाळी पान जायचंय.

नवरा दिनकर याला पेट्रोलपंप कळतो, पेपर कळत नाही. पण सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो म्हणून गेला, "आज काय तो तुकडा पाड. मढं किती दिवस घरात ठेवायचं?" बोलला ते खरंच बोलला, म्हणून तर जास्त झोंबलं. गाव पेपर वाचत नाही असं नाही. चांगलं वाचतं. पण कोणीतरी उत्साही माणूस पहाटेच सगळ्या पानांचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतो आणि पेपरवाला दारात येईपर्यंत बातम्या शिळ्या झालेल्या असतात. गेल्या वर्षी खप सावरायला म्हणून पुण्याहून एक सल्लागार आणला. त्यानं बातम्या छोट्या करायला सांगितल्या, रंग वाढवायला सांगितलं, आणि बातमीच्या शेवटी हजर असलेल्यांच्या नावांची जी शेपटी असते ती छाटायला सांगितली. शैलजानं सगळं ऐकलं. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय.

आता सासऱ्यांनी पेटवलेलं सुनेनं विझवलं, असं उद्या गाव म्हणणार. म्हणू दे. पण ते तिलाही तसंच वाटतंय, त्याचं काय करायचं?

"असून..." ती पुटपुटते. कूलरची घरघर जाड होत जाते, तिला ठेका येतो. खाली छपाईचं मशीन सुरू झालं असावं. मग तिच्या मनात येतं, छपाई काही दुपारी होत नाही.

"पाणी टाकलं का कूलरमधी? कोरडाच फिरून राह्यला तो," समोरच्या खुर्चीतून मामाजी म्हणतात.

सासऱ्यांना ती पहिल्यापासून मामाजीच म्हणते. वामनराव गावंडे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, एक पाय खुर्चीवर दुमडून घेतलेला. मागच्या उन्हाळ्यात ते गेले, हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. मेलेला माणूस केबिनमध्ये येऊन बसला यापेक्षा त्यानं ते निवेदन तर ऐकलं नसेल, या विचारानंच तिची पाचावर धारण बसते.

"आजचा अंक दे," ते हात पुढे करतात.

टेबलावर अंक नाही. ती ड्रॉवर ओढते, तर आत कांदे. दुसरा ओढते, त्यातही कांदेच, लू लागू नये म्हणून खिशात घेऊन फिरतात तसले लहान लहान.

"येतोय, मामाजी. येईलच इतक्यात."

"दुपारी येते का अंक? दुपारी तं उधारीवाले येते." ते उठतात, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करतात. "चाल. मुरलीच्या दुकानात आसंन."

ती केबिनचं दार उघडते. जिना असायला हवा तिथं मुरलीधर अंबुलकरांचं सलून आहे. बाकावर माणसं ओळीनं बसलीत. अंक एकच आहे, म्हणून त्याची पानं सुटी करून प्रत्येकानं एकेक घेतलंय, सलूनमध्ये घेतात तसं. पण प्रत्येक पानाला मधोमध एक चौकोनी भोक आहे आणि प्रत्येक भोकातून एक डोळा तिच्याकडे बघतोय.

"कूपन कापलं," मामाजी कौतुकानं सांगतात. "बादलीच्या पायी गाव कसं येडं झालं होतं, आठवते ना तुले?"

न आठवायला काय झालं. ती तेव्हा नवी नवरी होती. 'महिनाभराची कूपनं चिकटवा, बादली मिळवा' ही मामाजींची योजना. अर्धं घर लाल-निळ्या बादल्यांनी भरलं होतं आणि तिच्या माहेरच्या पेट्या जागा नाही म्हणून व्हरांड्यात पडल्या होत्या. घरोघरी कणकेची खळ शिजत होती. ज्यांना अक्षर लागत नव्हतं तेही पेपर घ्यायला लागले. कूपन कापलं की उरलेल्या पेपरात भाकरी गुंडाळायचे.

"अन् तो रविवार?" मामाजी विचारतात आणि त्यांना हसू आवरत नाही.

त्या रविवारी झालं होतं असं, की व्यापारी मंडळाच्या सत्काराची बातमी एका पानावर आणि कूपन नेमकं त्याच्या पाठीवर. बातमीचा शेवटचा परिच्छेद, ज्यात अमुकशेठ, तमुकशेठ असे सगळे उपस्थित होते, तो बरोबर कूपनच्या मागे. पान लावताना कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी उठून अख्ख्या गावानं कात्री घेतली आणि व्यापारी मंडळ कापून काढलं. दुपारपर्यंत सगळे शेठ दारात. निम्म्यांना नावं परत हवी होती आणि निम्म्यांना नावंही हवी होती आणि बादलीही.

"सोमवारी ती नावं चौकटीत छापली, नुसती नावं," मामाजी सांगतात. "अंक दुपारच्या आत संपला बाई. तवा मले समजलं. बादली फुटते, नाव नाई फुटत. बातमी काय, कोणीबी वाचते, फुकटात वाचते. माणूस पेपर इकत घेते ते सोताचं नाव पाह्याले. अन् एक नाव छापलं तं चार अंक जाते. एक घरी, एक सासरवाडीले, एक कपाटात, अन् एक ज्यानं आपल्याले कार्यक्रमाले बोलावलं नाई त्याच्या दारात."

बाकावरची माणसं खो खो हसतात. हसण्यानं हातातली पानं हलतात आणि त्यावरची अक्षरं थोडी सरकतात. मामाजी एकाच्या हातातलं पान ओढून घेतात. चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेतात, वरपासून वाचत खाली येतात आणि थांबतात. प्रत्येक बातमीच्या शेवटी एक पांढरी पट्टी आहे, काही नसलेली.

"इथली नावं कोणं काढली?"

मुरलीधरचा वस्तरा एका गालावर थांबतो. सगळे डोळे भोकांतून तिच्याकडे.

"जागा वाचते, मामाजी. पुण्याहून माणूस आणला होता. तो म्हणाला, वाचकाला त्यात रस नसतो."

"त्यानं वाचक कोठचा पाह्यला होता?"

"पुण्याचाच असेल," ती हळूच म्हणते.

मामाजी पान उलटतात. पानावरच्या भोकाच्या जागी आता काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आलाय. ते त्यावरून बोट फिरवतात. "हे कोणतं कूपन?"

"ते कापायचं नसतं. फोन त्याच्यासमोर धरायचा."

"मंग काय भेटते?"

"बातमी."

"बादली नाई?"

"नाही."

ते तिच्याकडे अशा नजरेनं बघतात की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रागावले असते तर बरं, असं तिला वाटतं. तिला इथून निघायचंय, पान जायचंय, निवेदन अर्धं पडलंय. ती सलूनच्या आरशाकडे वळते. आरशात एसटी स्टँड दिसतंय, आणि तिला ते दिसेपर्यंत ती तिथं उभीही आहे. पायाखाली फलाटाची तापलेली फरशी. कुठल्यातरी गाडीच्या टपावरून पेपरांचे गठ्ठे खाली येतायत. धप्, धप्. पण उचलायला कोणी एजंट नाही. प्रवासी गठ्ठ्यांना वळसा घालून जातायत, माना खाली, तोंडावर फोनचा निळसर उजेड.

आता सांगून टाकावं. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

"मामाजी, मी छपाई बंद करतेय."

तोंड उघडतं, पण आवाज फुटत नाही. ती पुन्हा म्हणते. गाड्यांची घरघर सगळीकडून चालून येते. ती जीव खाऊन ओरडते आणि घशातून वारासुद्धा निघत नाही. मामाजी मात्र तिच्या ओठांकडे बघतायत. जन्मभर छपाईचे उलटे खिळे वाचलेला माणूस, त्यांना ओठ काय जड. ते एका गठ्ठ्यावर बसतात, डोक्यावरची टोपी काढून टोपीनंच वारा घेतात.

"कर ना मंग बंद."

इतक्या दिवसांत ती ज्या वाक्याला घाबरत होती ते हे नव्हतं. तिला चक्क राग येतो. राग आल्याबरोबर आवाजही थोडा परत येतो, पुटपुटण्याइतका.

"बंद कर? एवढंच? तुमचा पेपर आहे तो!"

"खिळ्याच्या छपाईचं मशीन म्या भंगारात देल्लं, तवा म्याच कोरलेलं माह्या बापाचं नाव होतं त्याच्यावर. रडलो का मी?"

"रडलात. सासूबाई सांगायच्या."

"बरं, रडलो," मामाजी मान्य करतात. "पण देल्लं ना? फोनवर टाक, नाई तं दवंडी पिट. कागदाचं काय घेऊन बसली?"

"अन् कापून ठेवायला?" ती भांडायलाच उठते. "पोरगी बोर्डात आली, नाव छापून आलं, तर बाप ते कापून पाकिटात ठेवतो. पाकीट फाटतं, पण तो कागद टाकत नाही. फोनवरचं काय कापणार? संध्याकाळपर्यंत ते शंभर बातम्यांखाली गेलेलं असतं. सासरवाडीला काय दाखवणार, फोन?"

बोलता बोलता तिची तिलाच गंमत वाटते. कागद जावा म्हणून निवेदन लिहिणारी तीच, आणि कागद राहावा म्हणून मेलेल्या माणसाशी हुज्जत घालणारीही तीच. हे सगळं तिला जागेपणी का सुचलं नाही? का सुचलं होतं आणि दिनकरपुढे, त्या सल्लागारापुढे ते बोलायची लाज वाटली होती?

"मंग बाजाराच्या दिवशी छाप," मामाजी म्हणतात. जणू भाजी कोणती आणायची एवढाच प्रश्न होता. "आम्ही सुरुवात तशीच केल्ती. दर मंगळवारी. माणसं बाजाराले येत, मीठ-मिरची घेत, पेपर घेऊन जात. रोजचा तं तो मागून झाला."

"आणि बाकीचे दिवस?"

"ते तू पाह्य. तुह्या फोनातलं मले काय समजते?" ते टोपी डोक्यावर ठेवतात आणि एकदम अस्वस्थ होऊन उठतात. इकडे बघतात, तिकडे बघतात. हरवलेली पिशवी शोधावी तशी त्यांची नजर फिरतेय. "मी त्याच्यासाठी आलोच नाई, सूनबाई. माह्या बातमीत नावं नाईत."

कोणती बातमी, हे विचारायची गरजच नाही.

ते गेले त्याच आठवड्यात पुण्याचा नवा साचा लागू झाला होता. 'पूर्णाकाठचे संस्थापक वामनराव गावंडे यांच्यावर शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार. यावेळी मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते.' बस्स. बाकी पान जाहिरातींना गेलं, भावपूर्ण श्रद्धांजलीच्या.

"मोठ्या संख्येनं म्हंजे कोण कोण?" मामाजी विचारतात. "मोठ्या संख्येले काय शेंडा ना बुडखा. अन् त्या जाहिराती! आमदाराचा फोटो माह्या फोटोच्या दुप्पट. मले वाटलं तोच गेला."

तिला हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात.

"वर्ष झालं, इचारून राह्यलो. तिकडं कोणाले माहीत नाई. मी लोकाइच्या मुंजी-बारशापासून नावं छापली बाई. कोण आलं, कोण बसलं, कोणं हार घातला. माह्या वेळेस कोण आलं, हे मलेच माहीत नाई."

असं बोलणारे मामाजी तिनं कधी पाहिले नव्हते. पेपर बुडतोय म्हटल्यावर ज्यांनी टोपीनं वारा घेतला, त्यांचा आवाज आता लहान मुलासारखा कातर झालाय. आपण जागा वाचवली ती कोणाची, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळतं, आणि वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं.

फलाट आता मोक्षधामाकडे जाणारा रस्ता झालाय. दोन्ही बाजूंना कडुनिंब. समोर माणसंच माणसं, पाठीला पाठ लावून, हळूहळू चालतायत. ती धावत पुढे जाऊन त्यांच्याकडे बघते तर त्यांना चेहरे नाहीत. न छापलेल्या कागदासारखी कोरी तोंडं.

"हे पाह्य," मामाजी म्हणतात. "मोठ्या संख्येनं."

शैलजा पदर खोचते. घसा खाकरते.

"सदाशिव इंगळे!" ती म्हणते, आणि या वेळी आवाज खणखणीत निघतो. "एसटी स्टँडवर पेपरचा स्टॉल. पहिला खांदा त्यांचा."

पहिल्या कोऱ्या तोंडावर नाक उमटतं, मिशी उमटते, आणि सदाशिव इंगळे मान तुकवतात.

"मुरलीधर अंबुलकर, सलूनवाले. गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत बसवून आले. खांद्यावर टॉवेल तसाच."

"तसाच?" मामाजी खूश होतात. "गिऱ्हाइकाची अर्धी दाढी राह्यली आसंन."

"अब्दुल रहीम मिस्त्री, मशीन दुरुस्त करायचे ते. गुडघे धरलेत, तरी चालत. रोहणखेडचे एजंट नामदेव बोदडे, एसटी चुकली म्हणून दूधवाल्याच्या गाडीवर बसून. चंद्रभागाबाई खंडारे, दारोदार पेपर टाकायच्या. त्या वळणापर्यंत आल्या आणि तिथं बसून राहिल्या."

एकेक नाव घेतलं की एकेक चेहरा उजळतो. मामाजी प्रत्येकाजवळ जाऊन निरखून बघतात, जन्मभर प्रूफ बघितलं तसं, आणि पुढच्याकडे सरकतात.

"पंजाबराव ढोमणे. चप्पल तुटली, ती हातात घेऊन अनवाणी. डांबर तापलं होतं. दिनकर वामनराव गावंडे, मडकं घेऊन सगळ्यात पुढे. आणि गोवर्धनशेठ राठी."

"कोण?" मामाजी गर्रकन वळतात. "गोवर्धन? तो तं माह्याशी बोलत नव्हता! कूपनच्या पाठीमागं नाव गेल्तं तवापासून!"

"आले होते. सगळ्यांच्या मागे, एकटेच. टोपी हातात धरून."

शेवटच्या कोऱ्या तोंडावर गोवर्धनशेठांचा रुसका चेहरा उमटतो. मामाजी त्यांच्यासमोर उभे राहतात. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसतात आणि म्हणतात, "घे पुढं."

ती घेत राहते. पानटपरीवाले, शाळेचे मास्तर, ज्यांच्याविरुद्ध बातम्या छापल्या ते दोन कंत्राटदार, बँकेतले शिपाई. घसा कोरडा पडतो, शब्दांना काटे येतात, तरी नावं संपत नाहीत. शेवटी ती दमून विचारते, "मामाजी, आता आदी म्हणू?"

"आदी नाई म्हणाचं. आदीत ज्याचं नाव जाते, तो दुसऱ्या दिवशी पेपर बंद करते."

मग ते तिच्याकडे रोखून बघतात. "पण तुले कसं माहीत हे सारं? तू कोठी होतीस?"

"मी ऑफिसात होते," ती म्हणते. "अंक काढत होते. तुमचाच."

हे खरं आहे. बायका मोक्षधामात जात नाहीत आणि पान कोणासाठी थांबत नाही, ही दोन्ही कारणंही खरी आहेत. त्या दिवशी तिनं ती दोन्ही कारणं टेबलावर उशाला घेतल्यासारखी घेतली आणि पान पूर्ण केलं. रडायचं राहून गेलं. ते आज, या रस्त्यावर, एकदम वर येतं. ती तोंडावर पदर धरते. मामाजी काहीतरी बोलायला तोंड उघडतात.

घरघर थांबते.

लाइट गेलीय. कूलरचं पातं शेवटचा फेरा घेऊन उभं राहतं आणि केबिनमध्ये गरम हवा हळूहळू भरायला लागते. शैलजा खुर्चीत बसलीय, मान अवघडलीय, गाल ओले आहेत. "पंजाबराव," म्हणून हाक मारते तर आवाज फाटका, घोगरा. भरसभेत बोलून आल्यासारखा घसा बसलाय.

पंजाबराव दारात उभेच आहेत. हातात कागद आहे.

"लाइट जायच्या आधीच प्रिंट काढली, मॅडम. बरं झालं. मधात मधात तुम्ही पुटपुटत होत्या, ते काई नीट समजलं नाई, ते सोडून देल्लं. बाकी घेतलं सारं." ते थांबतात. त्यांचे डोळे लाल झालेत. "माही चप्पल तुटली होती, हे ध्यानात राह्यलं तुमच्या."

ती कागद घेते. '...छापील आवृत्ती बंद करण्यात येत असून सदाशिव इंगळे, एसटी स्टँडवर पेपरचा स्टॉल, पहिला खांदा त्यांचा, मुरलीधर अंबुलकर, सलूनवाले...' पंजाबरावांनी खरोखरच मधे कुठं विचारलं नाही, थांबले नाहीत. कानावर पडलं ते बोटांतून उतरलं. मिस्त्री आहेत, बोदडे आहेत, वळणावर बसलेल्या चंद्रभागाबाई आहेत, हातात टोपी धरलेले गोवर्धनशेठ आहेत.

शैलजा पेन उचलते आणि वरचं 'काळाची गरज ओळखून' आधी खोडते. मग 'बंद करण्यात येत असून'पर्यंतचं सगळंच खोडते. त्यावर लिहिते: 'येत्या एक तारखेपासून पूर्णाकाठ रोज तुमच्या फोनवर येईल आणि दर मंगळवारी कागदावर. मंगळवारच्या अंकात नावं असतील. सगळ्यांची.' चालेल का हे? तिला माहीत नाही. दिनकर आकांडतांडव करील. बाजारात येणारा माणूस पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी पेपर ठेवील, की फोनवरच भागवील, तेही माहीत नाही. पण निवेदन पुरं झालंय, आणि त्यात खोटा शब्द नाही.

"खालची नावं वेगळ्या चौकटीत घ्या," ती सांगते. "पहिल्या पानावर. मथळा द्या, वामनराव गावंडे यांच्या अंत्ययात्रेस उपस्थित. वर्षभर उशिरा, असं कंसात टाका."

"अन् शेवटचं नाव?" पंजाबराव विचारतात.

ती खाली बघते. बँकेच्या शिपायांच्या पुढे एक ओळ आहे. 'आणि वरच्या खिडकीत सौ. शैलजा दिनकर गावंडे.'

"हे मी सांगितलं?"

"तुम्हीच तं. सगळ्यात शेवटी. आवाज जाड झाल्ता तुमचा, मले वाटलं घसा बसला."

त्या दिवशी अंत्ययात्रा ऑफिसच्या दारात क्षणभर थांबवली होती. तेव्हा शैलजा टेबलावरून उठून खिडकीशी गेली होती, एक झडप हातभर उघडली होती आणि सगळी यात्रा पुढे सरकेपर्यंत तिथं उभी होती. मग झडप लावून पुन्हा पानावर बसली होती; खिडकीतून जे दिसलं नाही ते नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळलं. हे तिनं कोणालाही सांगितलं नाही, दिनकरलाही नाही. खालून तिच्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं. अशा वेळी माणसं पायांकडे बघत चालतात. त्या सगळ्या गर्दीत आभाळाकडे तोंड करून एकच माणूस होता, तोही खांद्यांवर.

"संपादकाचं नाव बातमीत घ्याचं नाई, अशी मोठ्या साहेबांची शिस्त होती," पंजाबराव म्हणतात. "काढून टाकू का?"

शैलजा पेनाला टोपण लावते.

"राहू द्या," ती त्या फाटक्या आवाजात म्हणते. "सांगितलंय तसंच जाऊ द्या."